खुर्चीच्या बदल्यात

माझ्या तोंडी लागू नये असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. जिन्याखालच्या एवढ्याशा जागेत मी कपडे अल्टर करते. गिऱ्हाईक फार गोड बोलायला लागलं की मला आधीच कळतं, याला काम फुकटात हवंय. "मावशी, एवढी चेन बदलून द्या ना, दोन मिनिटांचं तर काम" असं कुणी म्हणालं की मी म्हणते, "दोन मिनिटांचं असेल तर बस इथं आणि तूच बदल." तर अशी मी. आणि मला एका कॉलेजातल्या पोरानं दिवसाढवळ्या गुंडाळलं. गुंडाळलं ते गुंडाळलं, त्याचं मला एवढं काही नाही. लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती अजून जात नाही.

माझा धाकटा भाऊ विद्यापीठात शिकवतो. मी त्याला छोट्या म्हणते. आई गेल्यापासून तो माझ्याच हाताखाली वाढला. शाळेच्या चड्डीपासून आत्ताच्या कोटापर्यंत त्याच्या अंगावरचं सगळं माझ्या हातचं. शिकवतो काय, तर उद्योजकता. म्हणजे हाताशी भांडवल नाही, ओळख नाही, तरी आहे त्यातून काहीतरी उभं कसं करायचं. मी एकदा म्हटलं, "अरे, हातात काही नसताना काय करायचं हे शिकायला लोक फी भरतात? मला आधी सांगितलं असतंस तर मीच वर्ग काढला असता." पूर्वी असलं काही बोलले की तो हसून लोळायचा. हल्ली नुसता "हं" म्हणतो.

हसणार कुठून? नोकरी कराराची. दर वर्षी करार संपतो आणि दर वर्षी याची झोप उडते. त्यात विभागाला नव्या प्रमुख बाई आल्या. त्यांना हा विषय म्हणजे पोरखेळ वाटतो. एका संध्याकाळी छोट्या दुकानात आला, कापडाच्या गठ्ठ्यावर बसला आणि म्हणाला, "ताई, या वर्षी बहुतेक ठेवणार नाहीत गं. प्रात्यक्षिकाचा दिवस आहे, बाहेरचे पाहुणे येणार, बाई येणार. त्या दिवशी मुलांनी काही करून दाखवलं तर ठीक. नाहीतर संपलं."

"काय करून दाखवायचंय?" मी विचारलं.

"अदलाबदल. मी प्रत्येक गटाला कपडे वाळत घालायचा एक चिमटा दिलाय. तो द्यायचा आणि बदल्यात काहीतरी जास्त किमतीचं आणायचं. मग ते देऊन त्याहून मोठं. पैसे वापरायचे नाहीत. शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात मोलाची वस्तू, तो जिंकला."

"आणि समोरच्यानं का म्हणून द्यावी?"

"तेच तर शिकवतो. समोरच्याला काय हवंय ते ओळखायचं. किंवा त्याला कशाची धास्ती आहे ते. आणि मागायला लाजायचं नाही."

मला ते काही फार पटलं नाही, पण तो फार ओढलेला दिसत होता. त्याच्या कोटाची बाही उसवली होती ती तेवढी टाचून दिली.

त्यानंतर काही दिवसांनी तो पोरगा आला. मी त्याचं नाव साखरतोंड्या ठेवलंय. तुम्हीही तेच समजा. फिरती खुर्ची ढकलत ढकलत आला, ती ऑफिसात साहेब लोकांना असते तसली. घामाघूम झालेला. म्हणाला, "मावशी, ही तुमच्यासाठी."

"मी मागितली नाही."

"तुम्ही दिवसभर त्या स्टुलावर बसता. कंबर दुखत असेल."

दुखते, पण ते याला कशाला सांगू? मी म्हटलं, "विकायची असेल तर पुढे जा. इथं गुडघा मुडपायला जागा नाही, ही कुठं फिरवू?"

तो गेला नाही. उंबऱ्यावर बसला, चिमट्याचं सगळं सांगितलं. चिमट्याची छत्री झाली, छत्रीचा पंखा झाला, पंख्याची खुर्ची झाली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी सरांचा विद्यार्थी आहे. सर वर्गात नेहमी तुमचं उदाहरण देतात. जिन्याखालची जागा, कात्रणांतून शिवलेल्या पिशव्या, सगळं."

आता खोटं कशाला बोलू, इथंच मी विरघळले. माझं उदाहरण! विद्यापीठात! मी विचारलं, "म्हणजे माझी बहीण असं सांगतो?"

"तसं नाही सांगत. एक बाई आहेत, असं म्हणतात. पण मी एकदा सरांना इथं पाहिलंय, तुम्हाला ताई म्हणताना."

हे ऐकून जरा खटकलं, पण मी ते कानामागे टाकलं. वर्गात काय घरच्या गोष्टी सांगायच्या असतात? मी त्याच्यासाठी चहासुद्धा ठेवला. चहा पिता पिता तो माझ्या ओव्हरलॉककडे बघत होता. कापडाची कड उसवू नये म्हणून वेढे घालत शिवते ती मशीन. माझ्याकडे मोलाचं म्हणावं असं तेवढंच. साधी मशीन काय, कुणाकडेही असते.

"मावशी," तो म्हणाला, "आमच्या गटाकडे शेवटी नुसती खुर्चीच राहिली तर सरांचं कठीण आहे. तुम्हाला ठाऊकच असेल. बाकीच्या गटांचं तर खुर्चीपर्यंतसुद्धा आलेलं नाही."

मला ठाऊक होतंच. मी विचारलं, "छोट्यानं पाठवलंय का तुला?"

"नाही नाही. सरांना कळलं तर ते मुळीच घेऊ देणार नाहीत. ओळखीतल्या माणसाकडून घेतलेलं चालत नाही. तुम्ही सांगू नका."

मी विचार केला, दोन-चार दिवसांचा तर प्रश्न. दाखवतील, टाळ्या वाजतील, परत आणून देतील. तो तसं म्हणाला नव्हता. मी विचारलंही नव्हतं. एका काजावरून गिऱ्हाइकाला फैलावर घेणारी मी, विचारायला विसरले. त्यानं हातगाडी आणली, मशीन जुन्या चादरीत गुंडाळली आणि निघाला. जाताना म्हणाला, "शेवटची अदलाबदल ज्यांच्याशी झाली त्यांना कार्यक्रमाला यावं लागतं, तसा नियम आहे. याल ना?"

"येईन की," मी म्हटलं. मनातून तर उकळ्या फुटत होत्या.

मधल्या दिवसांत हाल झाले. दवाखान्याच्या एप्रनचं काम हातात होतं, आणि एप्रनच्या कडा ओव्हरलॉक केल्याशिवाय दोन धुण्यांत दशा निघतात. मी हातानं वेढे घालत बसले. बोटं चाळणी झाली. दवाखान्याची देखरेखवाली बाई येऊन बघून गेली, तोंड वाकडं केलं आणि अर्ध्याहून जास्त कापड दुसरीकडे घेऊन गेली. एरवी मी तिला सोडली नसती. पण म्हटलं जाऊ दे, छोट्याच्या नोकरीपुढे एप्रन कसले डोंबलाचे. फिरत्या खुर्चीवर कापडाचे गठ्ठे ठेवले. बसायला गेले की ती मागे पळायची.

कार्यक्रमाच्या दिवशी मी ठेवणीतले कपडे काढले, केसांना तेल लावलं, दुकानाला कुलूप घातलं. हॉल मोठा, गारगार, खुर्च्यांना मऊ गाद्या. साखरतोंड्यानं मला पुढच्या रांगेत बसवलं. मंचावर छोट्या. माझ्याच हातचा कोट, पण काय दिसत होता म्हणून सांगू! बोलत होता ते मला निम्मंही कळलं नाही, पण लोक मान डोलावत होते आणि मी आजूबाजूला बघत होते, कुणी विचारतंय का तुम्ही कोण म्हणून. विचारलं असतं तर लगेच सांगणार होते. त्यानं मला अजून पाहिलं नव्हतं. मंचावर उजेड, खाली अंधार.

एकेक गट आला. कुणी सायकल आणली, कुणी जुना कपाटाचा आरसा. मग साखरतोंड्या चाकाच्या टेबलावरून काहीतरी झाकलेलं घेऊन आला, आणि चादर ओढली.

मशीनच्या अंगावर निळ्या रंगाचा एक ओघळ आहे. छोट्या शाळेत असताना खिडकी रंगवत होता, डबा कलंडला, तेव्हाचा. त्यानं तो ओघळ पाहिला. मी त्याच्याकडेच बघत होते, म्हणून मला दिसलं. तो एक पाऊल पुढे आला आणि थांबला. मग डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून खाली बघायला लागला आणि मी सापडले. मी हसून हात वर केला. तो हसला नाही.

साखरतोंड्या बोलायला लागला. चांगलं बोलतो मेला. चिमट्यापासून खुर्चीपर्यंत सगळं रंगवून सांगितलं. मग म्हणाला, "शेवटी एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. अतिशय तिखट. त्यांना खुर्ची नकोच होती. जागाच नव्हती ठेवायला!"

हॉल हसला. मीही हसले, खरं होतं ते.

"मग मला सरांचा धडा आठवला. यांना काय हवंय हे सापडत नसेल तर यांना धास्ती कशाची आहे ते बघ. त्यांच्या घरातल्या एका माणसाची नोकरी जाणार होती. मी फक्त त्याची आठवण करून दिली. एकही शब्द खोटा बोललो नाही. आणि नको असलेल्या खुर्चीच्या बदल्यात त्यांनी दुकानातली सगळ्यात महाग मशीन दिली. वर चहा पाजला!"

आता तर लोक टाळ्या वाजवून हसले. माझ्या शेजारचा गृहस्थ डोळे पुसत होता. त्याला काय ठाऊक ती बाई त्याला खेटून बसलीय. माझं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढता येईना. अंगावरचे ठेवणीतले कपडे मला टोचायला लागले. मी इथं नटूनथटून काय म्हणून आले, असं झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते उगाच नाही म्हणत.

प्रमुख बाई पहिल्या रांगेतून उठल्या. कोरडा चेहरा, पण प्रश्न मात्र नेमका. "एवढी मशीन एका जुन्या खुर्चीसाठी? मला हे पटत नाही. त्या बाई आल्या आहेत का?"

साखरतोंड्यानं माझ्याकडे हात केला. मी उठून मंचावर गेले. पायऱ्या चढताना एका पोरीनं हात दिला. वर गेल्यावर छोट्या माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता. मला त्याच्या कोटाची ती टाचलेली बाही दिसत होती.

"बाई, तुम्ही हे राजीखुशीनं दिलं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"या मुलाची किंवा आमच्या विभागातल्या कुणाची तुमच्याशी आधीची ओळख होती? असेल तर ही अदलाबदल बाद होईल. आणि मग मला बाकीच्यांचीही चौकशी करावी लागेल."

म्हणजे काय ते मला लगेच कळलं. मी ओळख आहे म्हटलं तर छोट्यानं आपल्याच बहिणीकडून मशीन आणवून देखावा केला, असं होणार. त्याची नोकरी तिथल्या तिथं जाणार. आणि नाही म्हटलं तर मी त्याची कुणीच नाही.

छोट्याकडे बघत उभी राहिले. मला वाटलं, आता हा बोलेल. बाई, ही माझी सख्खी बहीण, मला यातलं काही माहीत नव्हतं, या मुलानं चूक केली आणि शिकवणाऱ्याचीही चुकली. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? नोकरी गेली असती तर गेली असती. मी इतकी वर्षं जिन्याखाली काढली, दोघांचं भागवलं असतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो माईकच्या वायरकडे बघत होता. ती गुंतली होती असं नाही, पण तो ती सोडवत होता.

प्रमुख बाईंनी पुन्हा विचारलं, "कुणाला ओळखता का तुम्ही इथं?"

"नाही," मी म्हटलं.

खरं सांगते, मी ते त्याला वाचवायला म्हटलं नाही. सगळ्यांना वाटेल ताईनं भावासाठी केलं. तसं नव्हतं. त्यानं ते ऐकावं, त्याला चटका बसावा आणि त्यानं तिथल्या तिथं ते खोडून काढावं म्हणून मी म्हटलं. मी नाही म्हटलं आणि वाट बघितली.

साखरतोंड्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याला खरं ठाऊक होतं ना. एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे बघितलं आणि त्याचे कान लालबुंद झाले. हॉलमधल्या एवढ्या माणसांत त्यालाच तेवढी लाज वाटली, हे मी त्याच्या खात्यावर लिहून ठेवलंय.

छोट्यानं माईक तोंडाजवळ घेतला. माझ्या जिवात जीव आला.

"धन्यवाद, बाई," तो मला म्हणाला. "आपण वेळ काढून आलात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रमुख बाईंनीसुद्धा. कुणीतरी माझ्या हातात फुलं दिली. मी पायऱ्या उतरले, तशीच बाहेर पडले, आणि फाटकाबाहेर पहिली कचरापेटी दिसली तिच्यात ती फुलं घातली. घरी जाईपर्यंत रस्त्यातला प्रत्येक माणूस आपल्याकडे बघतोय असं वाटत होतं. लाज माझी होती की त्याची, हेच कळत नव्हतं. दोन्हींचं ओझं मीच वाहत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी छोट्या टेम्पो घेऊन आला. टेम्पोत माझी मशीन. त्यानं आणि टेम्पोवाल्यानं ती उतरवून जागेवर ठेवली. टेम्पोवाला गेल्यावर छोट्या उंबऱ्यात उभा राहिला. आत ये म्हणून मी म्हटलं नाही.

"करार झाला, ताई," तो म्हणाला. "या वेळी एका वर्षाचा नाही, तीन वर्षांचा."

"बरं झालं."

"मशीन त्याच्याकडून सोडवून आणली. नियमाप्रमाणे ती त्याची झाली होती. बदल्यात शिफारसपत्र दिलं लिहून."

"काय लिहिलंस त्यात?"

"हेच की मुलगा हुशार आहे. माणसं ओळखतो."

मी एप्रनची कड घेऊन बसले होते. सुई बोटात गेली, तरी मी वर बघितलं नाही. मग तो एकदम म्हणाला, "ताई, मी बोलणारच होतो गं. तोंड उघडलंच होतं मी. पण तू आधीच नाही म्हणून बसलीस. मग मी सगळ्यांसमोर तुला खोटं पाडायचं का? तुझी काय शोभा राहिली असती?"

आता बघा. माझ्या जिभेचं वळण तर तुम्हाला कळलंच आहे. माझ्यापाशी उत्तर तयार होतं. अरे, त्या बाईंना दोनदा विचारावं लागलं, तेवढा वेळ मी कुणाच्या तोंडाकडे बघत होते? तू ती वायर कशासाठी सोडवत होतास? एवढंच म्हणायचं होतं. मी मान वर केली. तो माझ्याकडे असा बघत होता की मला त्याचे लहानपणचे डोळे आठवले, मार बसणार की नाही याचा अंदाज घेणारे. केस कानशिलाशी पांढरे झालेत आता त्याचे.

"हो रे," मी म्हटलं. "माझीच घाई झाली."

मला वाटलं होतं, तो ओशाळेल. निदान म्हणेल, नाही ताई, तुझी कसली घाई. पण त्याला ते पटलं. मनापासून पटलं. खांदे खाली आले, चेहरा सुटला आणि तो आत येऊन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू ना, पहिल्यापासून अशीच. समोरच्याला बोलूच देत नाहीस!" आणि हसायला लागला. पूर्वी हसायचा तसा, अगदी पोट धरून. खुर्चीवरचे गठ्ठे काढून तो तिच्यात बसला, ती मागे पळाली तर आणखीनच हसला.

मला त्याची इतकी लाज वाटली की एप्रनवरून नजर हलवता येईना. पण त्याहून जास्त वाटली ती माझी. कारण कितीतरी महिन्यांनी त्याला असं हसताना ऐकून मला बरं वाटत होतं.